रांगण्याची एक दिवसाची सहल : वाट उत्तम, वेळापत्रक उणे

रांगणा किल्ल्याच्या माथ्यावरील तळ्याकाठी आम्हाला पंचवीस मिनिटे मिळाली आणि त्यांतली नऊ सर्वांना सामूहिक छायाचित्रासाठी ओळीत उभे करण्यात गेली. पहाटे साडेपाचला कोल्हापूरच्या दसरा चौकात हजर राहायचे, रात्री पावणेदहाला त्याच चौकात उतरायचे, आणि ज्या दृश्यासाठी माणशी १४५० रुपये मोजले त्याच्या वाट्याला सव्वासोळा तासांतला एवढाच वेळ यावा, ही या सेवेविषयीची माझी मुख्य तक्रार आहे. बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत, आणि काही बाबतींत तर मला आयोजकांना मनापासून दाद द्यायची आहे.

आयोजक म्हणजे कोल्हापुरातील चार तरुणांचा एक गट. हिवाळ्यात दर रविवारी ते जिल्ह्यातील कोणत्या तरी गडावर पंधरा-वीस माणसे घेऊन जातात. त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मुले कष्टाळू आहेत आणि जे दोष मला दिसले ते अशा बहुतेक एकदिवसीय सहलींत दिसतात. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. तेहेतीस वर्षे धरणे, बंधारे आणि कालवे पाहिल्यामुळे कोठेही गेलो तरी आधी पाण्याकडे नजर जाते. माझी पत्नी माझ्यापेक्षा उत्तम चालते, पण तिचा डावा गुडघा तक्रार करतो. आम्ही दोघांनी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारची सहल निवडली, ती ‘माथ्यावर तळे आणि वाटेत मौनी सागर’ या जाहिरातीतील एका ओळीवर भुलून.

नोंदणी फोनवर झाली. पैसे भरल्यावर लगेच पावती आली, सोबत काय आणावे याची यादी आली आणि आदल्या रात्री गाडीचा क्रमांकही आला. हे सर्व चोख होते. मात्र वाटेत चढ किती आहे, या माझ्या प्रश्नाला ‘काका, एकदम सोपा आहे, लहान मुलंसुद्धा जातात’ एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर खोटे नव्हते, पण उपयोगाचेही नव्हते. बहुतेक गडांना माणूस पायथ्यापासून माथ्याकडे चढत जातो. रांगण्याला घाटमाथ्याच्या बाजूने जाताना मात्र आधी वरून खाली उतरावे लागते आणि मग समोरचा गड चढावा लागतो, कारण हा किल्ला सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून कोकणाच्या बाजूला पुढे सरकलेला आहे आणि एका अरुंद खिंडीने तेवढा रांगेला जोडलेला आहे. याचा अर्थ असा की परतताना, पाय थकलेले असताना, पुन्हा एक चढ वाट्याला येतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना ही एक गोष्ट आधी सांगायला हवी, आणि ती सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

गाडी साडेपाचऐवजी सहा वाजून दहा मिनिटांनी निघाली. दोन मुले उशिरा आली आणि त्यांच्यासाठी सतरा माणसे थांबली. कळंबा, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळ तिट्टा आणि गारगोटी हा रस्ता एरवी दीड तासाचा असला तरी नोव्हेंबरात कारखान्यांचे गाळप सुरू झालेले असते, आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून रांगत जाण्याचा वेळ त्यात मिळवावा लागतो. दर रविवारी सहली नेणाऱ्यांनी हा हिशेब वेळापत्रकात धरलेला नव्हता, याचे मला नवल वाटले. गारगोटीत नाश्त्याला मिसळ होती, तिचा कट कोमट होता आणि पाव आदल्या दिवशीचे होते. मिसळीच्या गावाहून आलेल्या माणसांना ती खाऊ घालण्यापेक्षा आयोजकांनी पोहे दिले असते तर कोणी तक्रार केली नसती.

पाटगावपासून सहलीचा रंग बदलला. वेदगंगेवरील येथील धरणाच्या जलाशयाला मौनी सागर म्हणतात आणि त्याची साठवण क्षमता ३.७२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. राधानगरीच्या ८.३६ किंवा दूधगंगेच्या २५.३९ टीएमसीशेजारी हा आकडा लहान दिसतो, पण भुदरगड तालुक्यातील नदीकाठचा ऊस बारा महिने हिरवा राहतो तो याच पाण्यावर. पावसाळा संपून दीड-दोन महिने झालेले असल्यामुळे जलाशय काठोकाठ होता. झाडी थेट पाण्यापर्यंत उतरलेली होती आणि उन्हाळ्यात जलाशयाभोवती दिसणारा उघड्या तांबड्या मातीचा पट्टा अजून कोठेही दिसत नव्हता. वेळापत्रकात येथे थांबा नव्हता. चालकाने स्वतःहून वळणावर गाडी उभी केली आणि म्हणाला, ‘पाच मिनटं बघून घ्या, पुढं असं दिसत न्हाई.’ दिवसभरातला सर्वांत चांगला निर्णय चालकाचा होता, हे मी परतल्यावर आयोजकांना कळवले आहे.

गावात मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिणेच्या स्वारीवर निघताना शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते, अशी परंपरा आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे नावही याच महाराजांवरून आलेले आहे. मठात दहा मिनिटे मिळाली, ती पुरली. पाटगाव हे ‘मधाचे गाव’ म्हणून आता ओळखले जाते, आणि २०२३ साली केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सर्वोत्तम पर्यटन गावांच्या स्पर्धेत त्याला कांस्यपदकही मिळाले. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या जंगलाच्या कडेने ठेवून येथे मध काढतात. आमच्या गाडीतील बहुतेकांना हे ठाऊक नव्हते आणि आयोजकांनीही सांगितले नाही. पत्नीने विचारून विचारून एक घर शोधले, मधाची बाटली घेतली आणि गाडीत बसल्यावर तिच्या बाटलीकडे पाहून आणखी चौघांनी उतरायचे ठरवले. यात पंधरा मिनिटे गेली, ती आमच्यामुळे गेली, हे मान्य केले पाहिजे.

भटवाडीला मोठी गाडी थांबते. पुढे चिक्केवाडीकडे जाणारा कच्चा रस्ता आहे, आणि त्यासाठी गावातल्या जीपगाड्या सांगून ठेवलेल्या होत्या. आयोजकांनी तीन सांगितल्या होत्या म्हणे, पण आल्या दोन. त्यामुळे एकेका जीपमध्ये दहा-दहा माणसे बसली आणि दोघे मागच्या पायरीवर उभे राहिले. वडापात, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या जीपगाड्यांत, वाढलेल्या कोल्हापूरकराला दाटीवाटीचे काही वाटत नाही, हे खरे. परंतु पावसाने चाकोऱ्या खोल झालेल्या जंगलातल्या रस्त्यावर, एका बाजूला उतार असताना, पायरीवर माणूस उभा करणे ही काटकसर मला पटलेली नाही. तिसरी जीप येईपर्यंत निम्म्या लोकांनी चालत निघावे, अशी सूचना मी केली. भटवाडीहून चिक्केवाडीपर्यंत चालत जाणारे पुष्कळ आहेत आणि वाट सुरेख आहे. ‘वेळ नाही काका’ असे उत्तर आले. वेळ का नव्हता हे एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल.

जीप सोडल्यावर मात्र सर्व काही सुधारले, आणि त्याचे श्रेय गावातून सोबत आलेल्या वाटाड्याला आहे. साठीच्या आसपासचे, सडपातळ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, हातात कोयता. सगळे त्यांना मामा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी निघण्याआधी सर्वांचे पाय पाहिले. चेहरे त्यांनी नंतर पाहिले. एका मुलीच्या बुटांचे तळवे गुळगुळीत झालेले पाहून त्यांनी तिला आपल्या मागे चालायला सांगितले आणि शेवटपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवले. माझ्या पत्नीला त्यांनी वाटेतच एक काठी तोडून दिली आणि म्हणाले, ‘वैनी, हितनं आधी खाली जायाचं, मग वर. खाली जाताना घाई करू नगासा, वर जाताना कोण घाई करत न्हाई.’ फोनवर जी माहिती मला मिळाली नव्हती ती या दोन वाक्यांत मिळाली.

वाटेचा पहिला टप्पा जवळजवळ सपाट आहे. दाट झाडीतून, वाळक्या पानांच्या थरावरून, मधूनच उघड्या कातळावरून ती जाते. ऊन माथ्यावर आलेले असूनही सावलीत गारवा होता. एके ठिकाणी मामांनी हात वर करून सर्वांना थांबवले आणि वाटेवरचे गव्याचे ताजे शेण दाखवले. कळप रात्री येथून गेला असावा, असे ते म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटे कोणीही न सांगता सगळेजण हलक्या आवाजात बोलू लागले. आमच्यातील एका तरुणाने आणलेला गाण्यांचा छोटा स्पीकर त्यानंतर पिशवीत गेला तो बाहेर आला नाही. हे काम खरे तर आयोजकांचे होते. त्यांच्या सूचनांच्या यादीत टोपी होती, पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, पण जंगलात आवाज करू नये हे कोठेही नव्हते.

झाडी संपते तेथे मोकळे पठार लागते. जवळच बांदेश्वराचे लहानसे देऊळ आहे. कड्याच्या टोकाला आल्यावर समोर एकाएकी संपूर्ण गड उभा राहतो. मधे खोल खिंड, पलीकडे तटाची रेघ, आणि त्याच्यामागे एकदम काहीच नाही, कारण तेथून जमीन कोकणात कोसळते. दुपारच्या धुरकटात कोकणातली गावे दिसत नव्हती, नुसता निळसर खोलगटपणा दिसत होता. आम्ही पाऊणएक तास चाललो होतो. येथे पाणी पिण्यासाठी दिलेली दहा मिनिटे योग्य होती.

उतार दगडगोट्यांचा आहे. पायऱ्यांचे अवशेष काही ठिकाणी आहेत, काही ठिकाणी वाहून गेले आहेत. आम्हाला खिंडीपर्यंत उतरायला वीस मिनिटे लागली आणि तेथून दरवाजापर्यंत चढायला पंचवीस. तरुण मंडळींनी हेच अंतर निम्म्या वेळात कापले. रोज रंकाळा तलावाला फेरी मारणाऱ्या माणसाला दम लागेल पण त्रास होणार नाही, इतपतच हा चढ आहे. उतारावर काठी मात्र हवीच. दरवाजा अंगावर येईपर्यंत दिसत नाही, कारण वाट तटाच्या कडेने वळवून आत घेतलेली आहे. पहिल्या दरवाजाच्या सावलीत उभे राहून मागे पाहिले तर आपण उतरून आलेला सगळा उतार आणि ती चिंचोळी खिंड समोर उघडी पडते. वर चार माणसे बसली असती तर खालून एकालाही येऊ दिले नसते, हे समजायला लष्करी ज्ञान लागत नाही.

येथे आयोजकांपैकी एकाने कर्णा काढून इतिहास सांगितला. उत्साह भरपूर होता, पण ‘हा गड शिवाजी महाराजांनी बांधला’ असे पहिलेच वाक्य होते. रांगणा त्यापूर्वी कित्येक शतके उभा होता. पन्हाळ्याच्या शिलाहार राजा दुसऱ्या भोजाकडे त्याच्या उभारणीचे श्रेय परंपरेने जाते. पंधराव्या शतकात बहमनी वजीर महमूद गवानाने कोकणच्या मोहिमेत तो मोठ्या प्रयासाने घेतला होता. शिवाजी महाराजांचा या गडाशी असलेला संबंध बांधकामापेक्षा अधिक रोमांचक आहे. गड स्वराज्यात आल्यावर १६६७ साली विजापूरकरांच्या सैन्याने त्याला वेढा घातला आणि तो वेढा महाराजांनी स्वतः येऊन मोडला. प्रसिद्धगड हे नाव त्याला पुढे मिळाले.

मला त्याहूनही जवळची वाटते ती १७०८ सालची हकिगत, कारण ती पावसाची आहे. शाहू महाराजांनी पन्हाळा घेतल्यावर ताराबाई रांगण्याला आल्या. शाहूंचे सैन्य मागोमाग आले आणि वेढा पडला. ताराबाई सिंधुदुर्गाकडे निघून गेल्या आणि रामचंद्रपंत अमात्यांनी गड लढवत ठेवला. मग पावसाळा आला आणि शाहूंना वेढा उठवावा लागला. पाटगावच्या बाजूचा पाऊस ज्याने पर्जन्यमापकात रोज सकाळी मोजला आहे त्याला या हकिगतीत काहीही अद्भुत वाटणार नाही. त्या पावसात खिंडीतल्या वाटेचा ओढा होत असणार आणि तंबूच्या खुंट्या चिखलात ठरत नसणार. कर्णेवाल्या मुलाला मी हे बाजूला घेऊन सांगितले. त्याने वाईट वाटून घेतले नाही, उलट फोनवर लिहून घेतले. हा गुण मोठा आहे.

आता तळ्याविषयी. दरवाजे ओलांडून आत आल्यावर गडाचा माथा अपेक्षेपेक्षा कितीतरी प्रशस्त निघतो. गवत कमरेएवढे, तांबूस झालेले, मधून वाड्यांची जोती आणि पडक्या भिंती. वाट थोडी उतरते आणि गवताच्या पलीकडे अचानक पाणी लकाकते. एवढ्या उंचीवर, चारही बाजूंनी कडे तुटलेले असताना, एवढे मोठे तळे असेल याची कल्पना ज्याने चित्रे पाहिली आहेत त्यालाही प्रत्यक्षात पोहोचेपर्यंत येत नाही. मौनी सागर आम्ही सकाळी पाहिला होता, पण तेथे नदी आहे, खोरे आहे, कितीतरी मैलांवरून ओढे येऊन मिळतात. येथे येणारे सगळे पाणी या माथ्यावर पडलेलेच असते. आजूबाजूच्या थोड्याशा उतारांवरून ते सखल भागात उतरते आणि साठते. आमच्या भाषेत सांगायचे तर पाणलोट क्षेत्र डोळ्यांच्या एका फेरीत मोजता येते. चार महिन्यांच्या पावसावर आठ महिने काढायचे, गडावरच्या माणसांनी, जनावरांनी, शिबंदीने. कोणत्याही किल्ल्याचे आयुष्य शेवटी त्याच्या तळ्यात किती पाणी मार्चनंतर उरते यावर ठरते, हे मी नोकरीत असताना कोणाला सांगितले असते तर हसण्यावारी नेले असते, पण येथे उभे राहिले की ते दिसते.

पाणी स्वच्छ होते आणि काठाजवळ तळाचे दगड दिसत होते. वारा पडलेला असल्यामुळे पलीकडची झाडी पाण्यात उलटी उभी होती. चतुर घिरट्या घालत होते. काठावरच्या चिखलात जनावरांच्या खुरांचे ठसे होते, आणि मामांनी त्यातले सांबराचे वेगळे करून दाखवले. पत्नी बूट काढून काठाच्या दगडावर बसली आणि पाय पाण्यात न घालता नुसती बसून राहिली, कारण हे पाणी अजूनही मुक्कामी येणारे लोक पितात, असे मामांनी सांगितले होते. आमच्यातील दोघांनी मात्र तोंडे धुतली आणि चुळा भरल्या, आणि त्यांना कोणी हटकले नाही. मामा संकोचले असावेत. आयोजकांनी तरी बोलायला हवे होते.

मग छायाचित्राची हाक आली. बॅनर धरायचा, आधी मुलगे, मग मुली, मग सगळे, मग उडी मारताना. नऊ मिनिटे हा आकडा मी घड्याळ पाहून लिहिला आहे. त्यानंतर रांगणाई देवीच्या देवळाकडे घाईघाईने जाणे झाले. देऊळ झाडांच्या गर्द सावलीत आहे, पुढे दीपमाळ आहे, आणि आत शिरल्याबरोबर बोलणे आपोआप थांबते. तेथून कोकण दरवाजा आणि हत्तीसोंडेची माची ही दोन ठिकाणे वेळापत्रकात लिहिलेली होती. दोन्ही रद्द झाली. गाडी चाळीस मिनिटे उशिरा सुटली, रस्त्यात ट्रॉल्या लागल्या, मध घेताना आमची पंधरा मिनिटे गेली, जीप कमी आल्या, या सगळ्याची भरपाई शेवटी गडाच्या माथ्यावरून करण्यात आली. माची पाहायची राहिली याचे मला दुःख आहे. मनोहर-मनसंतोषगडाची दिशा मामांनी देवळाजवळूनच हाताने दाखवली आणि ‘माचीवर गेलं की कोकण पायाखाली येतंय’ असे म्हणाले, त्यामुळे तर जास्तच.

परतीच्या चढावर एका मुलाचा पाय मुरगळला. येथे आयोजकांचे कौतुक करावे तेवढे थोडे. त्यांच्यातील एकाने पिशवीतून चिकटपट्टी, इलॅस्टिकचे बँडेज आणि वेदनाशामक मलम काढले, पाय नीट बांधला, त्या मुलाची पिशवी स्वतः घेतली आणि त्याच्या चालीने शेवटपर्यंत चालला. कचऱ्याबाबतही ते दक्ष होते. येताना प्रत्येकाला एक कागदी पिशवी दिली होती, आणि परतताना त्यांनी आपला कचरा तर गोळा केलाच, पण आमच्या आधी कोणीतरी टाकलेल्या सात-आठ बाटल्याही उचलल्या. जी मुले हे करू शकतात ती वेळेवर गाडीही सोडू शकतील, असे मला वाटते.

जेवण भटवाडीतल्या एका घरी होते आणि ते दुपारी दोनऐवजी साडेचारला मिळाले. भूक लागलेली होती हे खरे, तरीही मी पूर्ण जबाबदारीने लिहितो की असे जेवण मी या वर्षात दुसरीकडे जेवलो नाही. तव्यावरून थेट ताटात येणारी नाचणीची भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, घट्ट दही, कुळथाचे माडगे आणि शेवटी वाफेचा भात. घरातील आजी भाकरी थापत होत्या आणि कोणाचे ताट रिकामे झाले की नजरेनेच सुनेला खूण करत होत्या. महिलांसाठी दिवसभरात स्वच्छतागृहाची सोय झाली ती फक्त या घरी. सकाळी येथूनच आम्ही जीपमध्ये बसलो होतो, तेव्हा दोन मिनिटे थांबून ही सोय आधीच सांगता आली असती. ती पत्नीने आणि इतर स्त्रियांनी परतल्यावर एकमेकींना सांगितली. ही बाब जाहिरातीत लिहिण्यासारखी नसेल, पण सूचनांच्या यादीत तिचे स्थान टोपीच्या वर आहे.

जेवणाचे ताटामागे किती मिळतात, असे मी आजींना सहज विचारले. त्यांनी संकोच न करता १३० रुपये सांगितले. मामांना दिवसाचे ६०० मिळतात. गाडीचे भाडे, डिझेल, जीप आणि मुलांची मेहनत यांचा खर्च मला कळतो आणि १४५० रुपये अवाजवी आहेत असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी ज्या तीन माणसांमुळे सहल सहल झाली, ते चालक, मामा आणि आजी हे तिघेही हिशेबाच्या शेवटच्या ओळीत आहेत, एवढे मला नोंदवावेसे वाटते.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर तळे आटत जाते आणि पठारावर ऊन सहन होत नाही. पावसाळ्यात जळवा असतात, ओढे अचानक फुगतात आणि खिंडीतला उतार निसरडा होतो, तेव्हा सवय नसलेल्यांनी हौस म्हणूनही जाऊ नये. स्वतःची गाडी असेल तर आदल्या संध्याकाळी पाटगावला मुक्काम करावा, सकाळी मौनी सागरावरचे धुके पाहावे, भटवाडीतून वाटाड्या घ्यावा आणि सावकाश चालत जावे. चौघांच्या कुटुंबाला खर्च याच्या आसपासच येईल आणि तळ्याकाठी दोन तास मिळतील. ज्यांना गाडी नाही किंवा एकट्याने जाणे नको वाटते त्यांनी ही सहल खुशाल निवडावी, पण पैसे भरण्यापूर्वी जीप किती आहेत आणि माथ्यावर वेळ किती, हे दोन प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे. मी या सेवेला पाचपैकी तीन गुण देतो. वाटाड्या आणि जेवण यांना वेगळे गुण देता आले असते तर पूर्ण पाच दिले असते.

हे सारे मी आयोजकांना आधी पत्राने कळवले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एकाचा फोन आला. त्याने जीपची चूक मान्य केली, स्वच्छतागृहाची सूचना यादीत घातल्याचे सांगितले, आणि वेळेबद्दल म्हणाला, ‘काका, तळ्यावर दीड तास द्यायचा तर पहाटे चारला निघायला लागतंय, आणि चारला म्हटलं की लोक नावं देत नाहीत.’ आम्हा दोघांची नावे घे, असे मी त्याला सांगितले. जानेवारीतील दुसऱ्या रविवारसाठी त्याला आणखी दहा माणसे हवी आहेत.